चेहरा स्पष्ट, हात पुसट

लग्नाच्या शूटिंगची ऑर्डर द्यायला आलेला माणूस खुर्चीत टेकायच्या आधी विचारतो, "कॅमेरा कोणता आहे तुमच्याकडे?" लेन्सचं मात्र इतक्या वर्षांत कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. चष्मा करायला जावं, फ्रेम निरखून घ्यावी आणि नंबर तपासूच नये, तसा हा प्रकार. मी कॅमेऱ्याचं नाव सांगते, समोरच्याचं समाधान होतं, आणि चहा येईपर्यंत मीच त्याला विचारत बसते. हॉल केवढा आहे, मांडव की लॉन, उजेड कुठून येतो, घरातल्या कुणाला स्टेजच्या पायऱ्या चढायला त्रास होतो का. लोकांना वाटतं, बाई चौकशा फार करते. करतेच. एकदा त्यातला एक प्रश्न विचारायचा राहिला, त्याची ही हकिकत आहे.

पंचवटीतला आमचा स्टुडिओ मुळात ह्यांचा. ह्यांना स्थिर फोटोचं वेड आणि हलत्या चित्राचा मनापासून कंटाळा. त्यामुळे दुकानात व्हिडिओ कॅमेरा आला तो माझ्या गळ्यात पडला, आणि पडला तो कायमचा. पुढे धाकटे दीर, दिलीपभाऊजी, अंबडच्या कारखान्यातून लवकर निवृत्त होऊन माझ्या जोडीला आले. कारखान्यात ते तयार मालाची मापं तपासायचे, त्यामुळे आजही खिशात टेप असतो. दुसरा कॅमेरा ते सांभाळतात आणि माझ्या प्रत्येक म्हणण्यावर वाद घालतात. दोन्ही कामं मन लावून करतात.

बाहेरच्या माणसाला आमचं काम थोडं समजावून सांगायला हवं. लेन्सच्या आत एक भोक असतं, लहानमोठं करता येणारं. ते मोठं केलं की उजेड भरपूर मिळतो, पण स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद होतो. नवरीच्या डोळ्यावर फोकस धरला तर डोळा लख्ख, कान पुसट आणि मागची माणसं म्हणजे नुसते रंगाचे ठिपके. सिनेमाच्या कॅमेऱ्यांचा आतला पडदा, ज्यावर चित्र उमटतं तो, मोठा असल्यामुळे हे आणखीच जास्त होतं. लोक याला 'सिनेमॅटिक' म्हणतात आणि त्यावर खूश असतात. सिनेमात ते चालतं, कारण तिथे नट ठरल्या खुणेवर येऊन थांबतो आणि चुकला तर परत चालत येतो. आमच्याकडे मामा नवरीला कुठल्या बाजूने घेऊन येणार हे मामालाही माहीत नसतं. फोकस चुकला म्हणून मंगळसूत्र परत घाला म्हटलं, तर गुरुजी माझ्याकडे ज्या नजरेने बघतात ती मी दोनदा अनुभवली आहे.

अंगाला लागल्याशिवाय मला काही कळत नाही. इगतपुरीला ऐन पावसाळ्यात साखरपुडा होता. गाडीतल्या एसीत गारठलेली लेन्स मी थेट बाहेरच्या दमट हवेत काढली आणि तिच्यावर असं धुकं धरलं की अंगठी घालेपर्यंत हटलं नाही. तेव्हापासून आमच्या गाडीत एसी लावायचा नाही, आम्ही घामाघूम झालो तरी चालेल. सटाण्याच्या एका कांद्याच्या व्यापाऱ्याने 'पिक्चरसारखं' करा म्हणून हट्ट धरला होता. मी केलं. महिन्याभराने ते स्टुडिओत आले, पूर्ण फिल्म बघितली आणि शांतपणे म्हणाले, "ताई, मना पाव्हना कोठे शेतस?" साऱ्या बागलाणातून जमवलेले त्यांचे पाहुणे मी मागे विरघळवून टाकले होते. मी आणि भाऊजी कितीतरी दिवस हसत होतो. हसायच्या ऐवजी विचार केला असता तर पुढचं टळलं असतं.

पल्लवी बँकेत नोकरीला होती. स्वतःच्या लग्नाची ऑर्डर द्यायला एकटीच आली. तिच्या आईवडिलांना, वत्सलाताईंना आणि रामदासभाऊंना, जन्मापासून ऐकू येत नाही. हिला येतं. "आमच्या घरी सगळं बोलणं हातांनी चालतं, मावशी," असं तिने मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. त्यावर मी काय म्हणाले, तर काही हरकत नाही, माझ्या कॅमेऱ्याला आवाजाची गरज नसते. मला वाटलं, मी तिला मोकळं वाटावं म्हणून बोलले. खरं तर तिथे मी विचारायला हवं होतं की मग कॅमेऱ्याने तुमच्याकडे बघायचं कसं. हाच तो राहिलेला प्रश्न.

नवा कॅमेरा येऊन तेव्हा थोडेच महिने झाले होते आणि त्याच्यासाठी मी एक मोठ्या भोकाची लेन्स घेतली होती. पाठवणीच्या वेळी वत्सलाताईंनी लेकीला समोर उभं केलं आणि बोलायला सुरुवात केली. बराच वेळ बोलल्या. मी भोक पूर्ण उघडलं, जवळ गेले आणि त्यांचा चेहरा धरला. डोळ्यांत पाणी साचत होतं, ते गालावर यायची मी वाट बघितली, ते आलं, आणि ते माझ्याकडे अगदी बिनचूक आहे. फ्रेमच्या खालच्या कडेला त्यांचे हात मधूनमधून वर येत होते, पुसट, पाण्यात हलावेत तसे. मला ते सुंदर वाटलं. नंतर धंद्यातल्या चार लोकांनी वाहवा केली. नवीन गिऱ्हाईक आलं की मी पहिल्यांदा तेच दाखवायला लागले.

पल्लवी फिल्म न्यायला आली तेव्हा मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. पाठवणी आली. तिने एकदा बघितली, मागे नेऊन परत बघितली, मग तिसऱ्यांदा.

"मावशी, छान आहे हो," ती म्हणाली. "पण आई काय बोलतेय ते कुठंय?"

मला समजायला वेळ लागला. मग तिने सांगितलं की त्या वेळी ती इतकी रडत होती की डोळ्यांतल्या पाण्यामुळे समोरचं काही दिसत नव्हतं, आणि दिसलं नाही म्हणजे तिच्या घरी ऐकू आलं नाही. आई बोलत राहिली, हिच्यापर्यंत काहीच पोचलं नाही. तिने मनाशी म्हटलं होतं, असू दे, मावशींचा कॅमेरा आहे. मी म्हणाले, आईंना परत बोलायला सांग, मी उद्याच येऊन घेते. हे माझ्या तोंडून कसं गेलं याची मला अजून लाज वाटते. पल्लवी म्हणाली, "मी लग्नानंतर विचारलं होतं तिला. ते तेव्हाचं होतं, आता नाही, म्हणाली." तिने फिल्म नेली. ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

तो शॉट मी दाखवायच्या फिल्ममधून काढून टाकला. भाऊजी म्हणाले, वहिनी, गिऱ्हाइकाला काय कळतंय. मी म्हणाले, मला कळतंय.

त्यानंतर दोनेक वर्षांनी कळलं की वत्सलाताई निवृत्त होणार आहेत. कर्णबधिर मुलांच्या एका शाळेत त्या शिवणकाम शिकवायच्या. शाळेत इतक्या वर्षांत त्यांच्याविषयी जे काही बोललं गेलं ते दुसऱ्यांनी, माइकवरून, दोन मिनिटांत. निरोप समारंभात मात्र त्यांनी ठरवलं होतं की आपण स्वतः बोलायचं, आपल्या हातांनी, अर्धा तास. पल्लवी शेजारी माइकवर उभी राहून ऐकू येणाऱ्यांसाठी ते मराठीत सांगणार होती. हे ऐकल्याबरोबर मी तिच्या घरी गेले आणि म्हणाले, शूटिंग मी करणार.

पल्लवीने पाणी दिलं, समोर बसली. "नको मावशी. आम्ही मोबाईलवर घेऊ. मोबाईलमध्ये निदान सगळं दिसतं."

बोललेलं खरं होतं, म्हणून जास्त लागलं. मोबाईलचा आतला पडदा नखाएवढा, त्यामुळे त्यात पुढचं मागचं सगळंच स्पष्ट येतं. पण मीही हटायला तयार नव्हते. मी म्हणाले, मोबाईल हलतो, गरम होऊन बंद पडतो, आणि ऐन वेळी समोर कुणी हार घेऊन उभं राहिलं की संपलं. मला एक संधी दे. मी घेतलेलं तुझ्या बाबांना वाचता आलं तर मी करीन, नाही आलं तर मोबाईल. वत्सलाताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून आमचे चेहरे बघत होत्या. पल्लवीने त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली.

पुढच्या रविवारी सकाळी तिघं स्टुडिओत आले. वत्सलाताईंना आम्ही पुढच्या खोलीत कॅमेऱ्यासमोर उभं केलं. रामदासभाऊ मागच्या खोलीत मॉनिटरसमोर, हातात वही. ताईंनी ब्लाऊज कसा बेतायचा ते समजावून सांगायचं आणि भाऊंनी त्यांना जे दिसेल ते लिहायचं, असं ठरलं. पहिली लेन्स मी मुद्दाम तीच लावली, पाठवणीची. वही बाहेर आली. त्यावर लिहिलं होतं, 'बायको छान दिसते. काय म्हणते माहीत नाही.' पल्लवी हसली, तेव्हा मला जरा धीर आला.

भोक बारीक केलं, तशी बोटं स्पष्ट झाली. पण वहीत आलं, 'हात खाली गेला की वाक्य तुटतं.' मग भाऊजींनी टेप काढला. बोलताना ताईंचे हात कुठवर जातात ते त्यांनी अर्धा तास मोजलं. डोक्याच्या वर वीतभर, खाली कमरेपर्यंत आणि दोन्ही बाजूंना कोपरांच्या बरंच पलीकडे. चेहराही आत हवाच, कारण भुवई वर गेली की तेच वाक्य प्रश्न होतं. एवढी चौकट ठरली. दिसायला अगदी बातम्या देणाऱ्या बाईसारखी. सिनेमॅटिक म्हणवून घेणाऱ्या माणसाने असं काही दाखवलं तर लोक पैसे परत मागतील.

तरी एक गोष्ट अडत होती. वहीत तीनदा आलं, 'चार इंच की पाच? बोटं फिरताना पुसतात.' मला वाटलं फोकस हलतोय. भाऊजी म्हणाले, नाही, शटर. कॅमेरा प्रत्येक चित्रासाठी क्षणभर डोळा उघडतो. सिनेमात तो मुद्दाम जास्त वेळ उघडा ठेवतात, म्हणजे हालचाल मऊ दिसते. तो मऊपणाच बोटं पुसत होता. आम्ही शटर दुपटीने जलद केलं. आता बारीक भोक आणि जलद शटर म्हटल्यावर चित्र अंधारलं, तेव्हा स्टुडिओतले होते नव्हते तेवढे दिवे त्यांच्यावर सोडले. ताईंना घाम फुटला, पण त्या बेतत राहिल्या. वही बाहेर आली. पूर्ण ब्लाऊज उतरला होता, मापांसकट. खाली भाऊंनी आणखी एक ओळ लिहिली होती. समोरून बघताना कधीकधी एक हात दुसऱ्याच्या आड जातो, बाजूलाही एक कॅमेरा ठेवा.

म्हणजे आमचे दोन्ही कॅमेरे ताईंवरच, एक समोर आणि एक बाजूने. हॉलमध्ये मला मागे उभं राहायचं होतं, तिथून जवळ आणायला झूम लागणार. फोटोच्या साध्या झूमला एक खोड असते, मागेपुढे केलं की फोकस सरकतो. सिनेमाच्या झूममध्ये तो जागचा हलत नाही, पण ती लेन्स तान्ह्या मुलाएवढी जड. मुंबईहून भाड्याने मागवली. मागे साधा गडद पडदा हवा, म्हणजे हात उठून दिसतील, असं मी म्हणाले, तर वत्सलाताईंनी शाळेच्या मशिनवर निळा पडदा स्वतः शिवला. त्याच दिवशी नेसायची म्हणून ठेवलेली येवल्याची जरीची पैठणी मात्र त्यांना सोडवेना. पदरावरच्या मोरांतून बोटं शोधावी लागतील, असं भाऊंनी त्यांना सांगितलं म्हणे. नवराबायकोत त्यावरून दोन दिवस अबोला होता. शेवटी त्या साध्या मोतिया रंगाच्या साडीत आल्या.

समारंभ दुपारी होता. आम्ही सकाळीच पोचलो, तर स्टेजच्या मागे भली मोठी एलईडी भिंत आणि तिच्यावर संस्थेच्या अध्यक्षांचा हसरा फोटो, भोवती फिरती फुलं. डेकोरेशनवाल्याने धुराचं यंत्रही आणलं होतं. मी भिंतीवर पडदा टांगायला घेतला, तसे अध्यक्ष स्वतः आले. गृहस्थ वाईट नव्हते, फक्त स्वतःच्या फोटोवर पडदा पडताना बघणं कुणालाही जड जातं.

"बाई, एवढा खर्च केलाय आम्ही त्या भिंतीवर," ते म्हणाले.

"साहेब, तुमच्या भाषणाला पडदा पूर्ण बाजूला करते. ताई बोलायला उभ्या राहिल्या की ओढणार. आणि धूर अजिबात नाही." मी आवाज चढवला नाही, पण पडद्याची दोरीही सोडली नाही. ते भिंतीकडे एकदा बघून निघून गेले. यंत्र भाऊजींनी आधीच जिन्याखाली नेऊन ठेवलं होतं.

हॉल भरला. निम्म्याहून जास्त ताईंचे जुने विद्यार्थी, आता बायकामुलांसह आलेले. मागच्या रांगांसाठी हॉलच्या मधोमध दोन टीव्ही लावले होते आणि त्यांवर माझ्या कॅमेऱ्याचं चित्र जात होतं. म्हणजे मी हलले की मागच्यांचं ऐकणं बंद. पल्लवी स्टेजच्या डाव्या कडेला माइकवर. तिच्या जवळच खाली भाऊजी, दुसऱ्या कॅमेऱ्यापाशी. आम्हा दोघांच्या कानांत बोलायची यंत्रं होती.

वत्सलाताई बोलू लागल्या. पल्लवी ते मराठीत सांगत होती. पहिल्या दिवशी शाळेत सुई धरताना आपलेच हात कसे थरथरत होते, मुलं कशी खोड्या काढायची, एका मुलीने शिवलेल्या पहिल्या पायजम्याला तिसरा पाय कसा होता. हशे पिकत होते, आणि गंमत अशी की अर्धा हॉल आधी हसायचा, अर्धा पल्लवीने सांगितल्यावर. मग ताई घराबद्दल बोलू लागल्या. लेक लहान असताना रात्री रडली तर कळावं म्हणून तिच्या पायाला दोरा बांधून त्याचं दुसरं टोक त्या स्वतःच्या मनगटाला बांधायच्या. पल्लवीने हे वाक्य अर्धं सांगितलं आणि तिचा आवाज बंद झाला.

तिने तोंडावर हात घेतला. माइकमधून नुसता श्वास. ऐकू येणारे सगळे तिच्याकडे वळले. अध्यक्ष उठून माझ्यापाशी आले आणि कानात म्हणाले, "तिच्यावर घ्या ना कॅमेरा. सगळे रडतायत." माझा हात झूमवर होता. जन्मभर मी अशाच चेहऱ्यांवर जगले आहे. रडणारी लेक, थरथरणारे ओठ, यासाठीच लोक आम्हाला बोलावतात. माझं बोट आपोआप हलायला निघालं होतं, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात कानात भाऊजी, "वहिनी, मी जाऊ का पल्लवीवर? अगदी समोर आहे."

"नाही," मी म्हणाले. "आपण दोघांनी हलायचं नाही. ताईंवरच राहा."

"अहो, पण..."

"भाऊजी, नाही."

त्यांनी पहिल्यांदाच वाद घातला नाही. स्टेजवर वत्सलाताईंना लेकीचं तोंड मिटलेलं दिसलं. त्या थांबल्या. मग प्रेक्षकांकडे पाठ फिरवावी इतक्या त्या डावीकडे वळल्या आणि तिच्याशी बोलू लागल्या. माझ्या समोरच्या कॅमेऱ्यात आता त्यांचा एक खांदा आणि अर्धा हात. पण त्या पल्लवीकडे वळल्या होत्या, म्हणजे भाऊजींच्या कॅमेऱ्याकडेच वळल्या होत्या. मी विचारलं, आहे का? उत्तर आलं, "आहे. दोन्ही हात आहेत." पल्लवी डोळे पुसत होती, ते पुन्हा भरत होते, आणि तिला काही दिसत नव्हतं हे मला एवढ्या लांबूनही कळत होतं. ताई तिच्याशी मिनिटभर बोलल्या. मग पुन्हा आमच्याकडे वळून त्यांनी उरलेलं भाषण पूर्ण केलं. शेवटची दहा मिनिटं त्याला आवाज नव्हताच.

संपल्यावर सगळा हॉल दोन्ही हात वर करून हलवू लागला. त्यांच्या टाळ्या अशा असतात. शेकडो हात. तो शॉट आमच्याकडे नाही, कारण दोन्ही कॅमेरे ताईंवर होते. त्याची चुटपुट मला आहे आणि राहील.

पंधरा दिवसांनी एका दुपारी पल्लवी स्टुडिओत आली. ताईंच्या बोलण्याखाली मराठी ओळी घालायच्या होत्या. ती बघून सांगायची, मी टाइप करायची. आवाज नसलेली दहा मिनिटंही तिने सलग सांगितली, एका शब्दालाही न अडखळता. मध्येच म्हणाली, "मावशी, बाबा म्हणतात तसं आहे, सगळं वाचता येतं." मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

ताई डावीकडे वळल्या तो भाग आम्ही शेवटी घेतला. भाऊजींच्या कॅमेऱ्यातलं चित्र लावलं. पल्लवीने ते एकदा बघितलं. डोळे भरले तसं तिने चित्र थांबवलं, ओढणीने डोळे नीट कोरडे केले आणि परत सुरुवातीपासून लावलं. असं चारपाच वेळा झालं. शेवटच्या वेळी तिने ते अखंड, एकटक बघितलं. मी बोटं कीबोर्डवर ठेवून वाट बघत होते.

"सांग," मी म्हणाले.

"इथं काही लिहू नका, मावशी."

"लोकांना वाटेल, आपल्याकडून राहून गेलं."

"वाटू द्या."

मी हात मागे घेतले. त्या मिनिटाखाली काहीही लिहिलेलं नाही. वत्सलाताई तिला काय म्हणाल्या ते मला माहीत नाही. त्यांचं बोट न् बोट दिसतं, एवढं मात्र मी कुणालाही छातीठोक सांगेन.